तिजोरीचा हिशोब मांडणारे बाबासाहेब

पेण असो वा रोहा, वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला एक उत्तर पाठ झालेले असते. गटार मागा, दिवाबत्ती मागा, मुलांसाठी अभ्यासिका मागा. निधी नाही, असे सांगितले जाते. आपण मग निवेदन देतो, घोषणा देतो आणि परत येतो. निधी का नाही, कुठे गेला, हा प्रश्न राहूनच जातो. बाबासाहेबांनी मात्र ऐन तारुण्याची वर्षे याच प्रश्नाच्या अभ्यासात घालवली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची अर्थव्यवस्था हा विषय घेतला. कंपनीचे राज्य संपले, पण तिचे कर्ज भारतीय रयतेच्या माथी मारले गेले, हे त्यांनी त्यात दाखवले. राज्यकर्ते जातात, कर्ज मात्र जनतेकडे राहते, हा धडा त्यांना वयाच्या चोविसाव्या वर्षीच मिळाला होता.

पुढचा अभ्यास होता प्रांतांच्या तिजोरीचा. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. १८३३ च्या कायद्याने पैशाची सगळी सत्ता केंद्र सरकारच्या हाती गेली. खर्च प्रांतांनी करायचा, पण तो भागवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही, अशी ती रचना होती. त्यामुळे काटकसर कोणीच केली नाही आणि तूट वाढत गेली. १८५७ च्या उठावानंतर तर ओढाताण फारच वाढली. अखेर १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम आणि काही खाती सोपवावी लागली. तिजोरी भरणारा मुख्यतः गरीबच होता. शेतसारा शेतकऱ्याचा, आणि मिठावरचा कर तर प्रत्येक चुलीचा. पेणच्या मिठागरांत राबणाऱ्यालाही स्वतःच्या भाकरीतल्या मिठावर तो भरावा लागे.

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेल्यावर त्यांनी पहिल्याच अर्थसंकल्पाच्या चर्चेत याच अन्यायावर बोट ठेवले. ठरावीक मर्यादेखाली कमाई असणाऱ्या व्यापाऱ्याला प्राप्तिकर माफ होता. शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमीन कितीही लहान असो, सारा चुकत नव्हता.

त्याच वर्षी २० मार्चला महाडचा सत्याग्रह झाला. त्यामागे १९२३ चा बोले ठराव होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो ठराव सांगत होता. चवदार तळे हे महाड नगरपालिकेचे होते. म्हणजे तो लढा पाण्याचा आणि माणुसकीचा होता, तसाच सार्वजनिक मालमत्तेवरच्या समान हक्काचाही होता. पुढे १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसून कुळाला पिळणारा खोत त्यांना नको होता.

संविधान लिहिताना हा सगळा अभ्यास कामी आला. केंद्र आणि राज्यांत महसुलाची वाटणी सुचवणारा वित्त आयोग कलम २८० मध्ये आहे. राज्यांच्या कर्जावरचे बंधन कलम २९३ मध्ये, हिशोब तपासणारा महालेखापरीक्षक कलम १४८ मध्ये आणि आर्थिक आणीबाणी कलम ३६० मध्ये आहे. ही शेवटची तरतूद आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. हिशोब पाहण्याचे काम आता आपल्याकडे आहे.

बँक बुडते तेव्हा काय होते, हे पेणकरांनी २०१० मध्ये पेण अर्बन बँकेच्या वेळी पाहिले. सरकार तसे बुडत नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये न्यायालयात जाऊन दिवाळखोरी मागितली. आपल्याकडे शहरासाठी वा राज्यासाठी तसा कायदाच नाही. इथे दिवाळे निघते ते गुपचूप. रिकामी पदे भरली जात नाहीत, सफाई कामगार कंत्राटी होतो, शिष्यवृत्ती रखडते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज ९ लाख कोटींच्या पुढे आणि महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर होती. त्याच वर्षी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवल्याचे उघड झाले. ती योजनाही गरीब बहिणींचीच होती. पण एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढणे म्हणजे सामाजिक न्याय नव्हे.

लहान नगरपालिकांची स्थिती तर १८३३ नंतरच्या प्रांतांसारखी आहे. १९९९ मध्ये त्यांची जकात गेली आणि त्या राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. राज्याचाच हात आखडला की त्यांचे कंबरडे मोडते. आणि सार्वजनिक नळ आटला, की ज्याच्याकडे पैसे आहेत तो टँकर मागवतो. वस्ती हंडा घेऊन उभी राहते. चवदार तळ्यावर मिळवलेला हक्क असा पुन्हा हातातून निसटू शकतो.

म्हणून तरुण मित्रांनो, दरवर्षी मार्चच्या आत आपल्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प मागा. माहिती अधिकारात तो मिळतो. मागासवर्गीयांसाठी राखीव निधी किती, खर्च किती, उरलेला कुठे गेला, हे विहारात बसून मोठ्याने वाचा. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशोब आपण फळ्यावर लिहितो. त्याच फळ्यावर आता नगरपालिकेचाही हिशोब लिहू या.

जय भीम!