बेटाचा धनी आणि अंतोनिया

बँकेच्या नोकरीत जडलेला एक छंद निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. तो म्हणजे जुन्या नोटा जमवण्याचा. माझ्या संग्रहात पोर्तुगालची १९७१ सालची वीस एस्कुदोची एक नोट आहे. आता व्यवहारात तिला काही किंमत नाही. पण मी ती वरचेवर काढून पाहतो. तिच्या एका बाजूला गार्सिया द ओर्ता या वैद्याचे चित्र आहे आणि दुसऱ्या बाजूला सोळाव्या शतकातल्या गोव्याचा बाजार. हा वैद्य एके काळी आपल्या मुंबईचा धनी होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि गोव्याच्या त्या बाजारात काय काय विकले जात होते, हे आठवण्याची आपल्याला सवय नसते.

उत्तनला राहायला आल्यापासून ओर्ता मला जास्तच जवळचा वाटू लागला आहे. इथून जवळच चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथे उभे राहिले की समोर खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा कोट दिसतो. खाली वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. पाठीमागे, दक्षिणेला, गोराई-मनोरी ओलांडली की मुंबई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ओर्ता गोव्याला उतरला होता. म्हणजे आमच्या या किनाऱ्याचा पोर्तुगीज काळ आणि ओर्ताचे हिंदुस्थानातले आयुष्य एकदमच सुरू झाले.

त्याची कथा मला मोहात पाडते ती वारशामुळे. माझी निम्मी नोकरी मयत खातेदारांची प्रकरणे निस्तरण्यात गेली. वारसा दाखला, नामनिर्देशन, हमीपत्र, लॉकर उघडतानाची यादी. माणूस गेल्यावर त्याच्या मागे काय उरले हे कागद सांगतात, आणि कागद जे सांगत नाहीत ते उरलेच नाही असे धरून जग पुढे चालते. ओर्ताच्या बाबतीत कागदांनी काय सांगितले आणि काय वगळले, त्याची ही हकीकत आहे.

ओर्ता जन्मला १५०१ च्या सुमारास, पोर्तुगालमधल्या कास्तेलू द व्हीद या सरहद्दीवरच्या गावात. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे तेही सरहद्द ओलांडून आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालने आपल्या ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा घराण्यांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव नवे, प्रार्थना नवी आणि शेजाऱ्यांचा संशय मात्र कायमचा. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लावला का, डुकराचे मांस टाळले का, याकडे गावाचे डोळे. ओर्ताला आईबापांकडून मिळालेला पहिला वारसा हा असा होता. मिळकत थोडी आणि भीती पुष्कळ.

मुलगा हुशार निघाला. सालामांका आणि अल्काला या स्पेनच्या विद्यापीठांतून वैद्यक शिकून १५२३ साली तो परतला, काही वर्षांनी लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पण हवा बदलत होती. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, येणार अशी चिन्हे दिसत होती. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सू द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून ओर्ता जहाजावर चढला. दोनच वर्षांनी पोर्तुगालमध्ये ते न्यायालय आले. ज्ञानाच्या ओढीने तो इकडे आला असे चरित्रकार सांगतात, आणि ते खरेही असेल. पण घरात पळण्याची सवय असलेल्या माणसाला वारा कुठून येतो हे लवकर कळते.

पुढची चौतीस वर्षे तो इथेच राहिला. गोव्यात त्याचा मोठा व्यवसाय होता. गव्हर्नर त्याचे रोगी, तसा अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहाही. निजामशहाच्या दरबारात त्याने मुसलमान हकिमांशी चर्चा केल्या, औषधांची अरबी नावे पक्की करून घेतली. गोव्यातल्या वैद्यांना, व्यापाऱ्यांना तो विचारीत राहिला. त्यातून त्याचा ग्रंथ तयार झाला. हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांवरचे हे संवाद १५६३ साली गोव्यात छापले गेले. आपल्याकडे छपाई येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. नारळ, फणस, हिंग, भांग, कोरफड, विड्याचे पान, सगळे त्यात आहे. पटकीला आपले लोक मोडशी म्हणतात हेही त्याने त्याच्या कानाला ऐकू आले तसे लिहून ठेवले. चारच वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपात निघाला आणि आपल्या परसातली झाडे तिकडच्या विद्वानांच्या टेबलावर गेली.

या ग्रंथात ओर्ता दुसऱ्या एका वैद्याशी बोलतो. हा पाहुणा काल्पनिक आहे. आणि मधूनमधून आत-बाहेर करणारी एक मुलगी आहे, अंतोनिया. ती ओर्ताच्या घरची गुलाम. तिला हाक मारली की ती येते. ती झाडपाला आणते, फळ आणते, मालकाला हवी ती वस्तू पाहुण्यापुढे ठेवते. विद्वानांची चर्चा चालू राहते आणि ती निघून जाते. ती कुठली, कुणाची, कशी विकली गेली, ग्रंथ काही सांगत नाही.

त्या काळच्या गोव्यात अशी घरे सर्रास होती. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने तिथल्या सकाळच्या लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. त्या लिलावात अरबी घोडे, मसाले, रत्ने आणि त्यांच्या जोडीला गुलाम स्त्री-पुरुष मांडले जात. माणसे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येत, बंगालमधून येत, आणि दुष्काळ पडला की आपल्या आसपासच्या गावांतूनही येत. पोर्तुगीज घराची प्रतिष्ठा गुलामांच्या संख्येवर मोजली जाई. मालक मेला की ही माणसे जमीन, दागिने आणि भांडीकुंडी यांच्याबरोबर वारसांकडे जात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूसमळ्यांच्या मालकांची मृत्युपत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. खेचरे, नांगर आणि मग माणसांची नावे, प्रत्येकापुढे किंमत. आपल्या किनाऱ्यावर हे त्याच्या किती तरी आधी चालू होते.

ओर्ताच्या ग्रंथात धोतऱ्याचे प्रकरण आहे. त्यात एका घरंदाज बाईची हकीकत येते. तिच्या घरच्या गुलाम स्त्रीने तिला अन्नातून धोतरा दिला, ती भ्रमिष्टासारखी हसत राहिली, आणि ती गुलाम स्त्री दागिने घेऊन पळाली. ओर्ताला या प्रसंगात धोतऱ्याचा गुण दिसतो आणि उतारा दिसतो. पळणारी दिसते ती फक्त चोर म्हणून. स्वतः पळून आलेल्या घराण्याचा मुलगा, आणि तरी त्याला तिची ओळख पटत नाही. मी ते प्रकरण वाचतो तेव्हा दर वेळी इथे अडखळतो.

मुंबई त्याला मिळाली ती १५५४ च्या सुमारास, राजाच्या कृपेने, वार्षिक खंडावर. वसई आणि साष्टीच्या मुलखात तेव्हा हीच पद्धत होती. गाव किंवा बेट एखाद्या सरदाराला, अधिकाऱ्याला लावून द्यायचे. त्याने राजाला ठरलेला खंड भरायचा आणि खालच्या कुणब्यांकडून, भंडाऱ्यांकडून आपला वसूल घ्यायचा. पट्टा बहुधा तीन आयुष्यांचा असे आणि विधवेकडे किंवा मुलीकडेही जाऊ शके. ओर्ता बेटावर कायमचा राहिला नाही. पण बेटावर त्याचे आंब्याचे एक झाड होते, वर्षातून दोनदा फळणारे, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. बेटावरचा त्याचा खंडकरी आंब्यांची करंडी घेऊन गोव्याला येतो, असा एक गोड प्रसंग ग्रंथात आहे. वसईकडे शेती कोण करते, मळे कोण राखते, हिशेब कोण ठेवते, हेही त्याने नोंदले आहे. पाहण्यात तो चुकत नसे.

पण पहिला वारसा मागे लागलेलाच होता. १५४७ साली लिस्बनमध्ये त्याच्या बहिणींना इन्क्विझिशनने पकडले. सुटल्यावर १५४९ मध्ये त्या आणि आई गोव्याला भावाच्या आसऱ्याला आल्या. मग १५६० साली इन्क्विझिशनच गोव्याला आले. आता पळायला पुढे समुद्र उरला नव्हता. या न्यायालयापुढे शेजारी साक्ष देत, नातेवाईक देत, आणि घरातले नोकर-गुलामही देत. स्वयंपाकघरात काय शिजते, शनिवारी कोण हात हलवीत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? ज्यांना मालक वस्तू समजत, त्यांच्या डोळ्यांची त्याच मालकांना रात्री भीती वाटत असे. ओर्ताच्या घरात अंतोनिया ताट वाढत असेल, तेव्हा कोण कुणाच्या हाती होते, हे सांगणे कठीण आहे.

ओर्ता १५६८ साली वारला. आपल्या बिछान्यात, मानाने. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची बहीण कातारीना पकडली गेली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या नवऱ्याने जबाबात सांगितले की ओर्ताही मनातून मोझेसचाच धर्म खरा मानीत होता. १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. मयत खातेदारावर मागाहून केलेली याहून क्रूर कारवाई मी वाचलेली नाही. दोषी ठरलेल्याची मिळकत सरकारजमा होई, आणि वारसांना मिळे ती बदनामी. गोत्राला लागलेला डाग पुसायला कुठलाही दाखला पुरत नसे.

बेट मात्र नांदत राहिले. हात बदलत बदलत ते शतकाच्या अंतराने दोना इग्नेझ द मिरांदा या विधवेकडे आले. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडला दिली, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा देण्याचा सोहळा याच बाईंच्या वाड्यात झाला. तो ओर्ताचाच जुना वाडा, असे मानतात.

ताब्याआधी जानेवारी १६६५ मध्ये पोर्तुगीज आणि इंग्रज अधिकाऱ्यांत एक करार झाला. त्यातले एक कलम मला आमच्या उत्तनच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. पोर्तुगीज हद्दीतल्या गावांतले कुणबी, भंडारी आणि इतर रयत मुंबईत आली तर तिला थारा द्यायचा नाही, आपापल्या मालकांच्या स्वाधीन करायचे. पळून आलेल्या गुलामांना तोच नियम, सुतारांसारख्या कारागिरांनाही तोच. इंग्लंडच्या राजाने पुढे हा करार मान्य केला नाही, ती गोष्ट वेगळी. पण कलम घालावे लागले, याचा अर्थ काय? बँकेत आम्ही एक शिकलो होतो. नियम नेहमी आधी घडून गेलेल्या गोष्टीसाठी काढतात, किंवा घडणारच अशी खात्री असलेल्या गोष्टीसाठी. वसई-साष्टीच्या या गावांतून माणसे पळत होती, आणि आता ती ओर्ताच्या बेटाकडे पळतील अशी मालकांना धास्ती होती. पळपुट्या घराण्यातल्या वैद्याला खंडाने मिळालेले बेट शंभर वर्षांनी इतर पळणाऱ्यांचे ठिकाण होऊ पाहत होते. घरून पळून मुंबईला जाण्याची आपल्याकडची परंपरा बरीच जुनी दिसते.

हे सगळे फिरंग्यांचे पाप, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, राज्य बदलले. पण पेशव्यांच्या दप्तरातही कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदी आहेत. बटीक हा शब्द आपल्याच भाषेतला आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही. कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, पोर्तुगीज मुलखात त्यालाही आणखी पाव शतक लागले. कागद बदलला. घराघरांतली वागणूक किती बदलली, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

मी पाहिले, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका मयत खातेदाराचा लॉकर उघडायला मी अधिकारी म्हणून हजर होतो. वारस तिघे, साक्षीदार दोघे. बांगड्या, पाटल्या, गोफ, एकेक वस्तू बोलत होतो आणि कारकून लिहीत होता. खोलीच्या दाराशी एक म्हातारी बाई उभी होती. चाळीस वर्षे त्यांच्या घरी होती, असे मोठ्या मुलाने ओघात सांगितले. मालकिणीची शेवटची चार वर्षांची सेवा तिनेच केली होती. ती काही मागायला आली नव्हती. वारसांना स्टेशनवरून बँक सापडेना म्हणून वाट दाखवायला आली होती. यादी पुरी झाली, सह्या झाल्या. आमच्या छापील फॉर्मात तिच्यासाठी रकाना नव्हता आणि तो असावा असे मलाही त्या दिवशी वाटले नाही. ती गुलाम नव्हती, पगार घेत होती. तरी दाराशी उभे राहण्याची तिची रीत मला आज चार शतकांपूर्वीची वाटते.

ओर्ताने मुंबईचे बेट सोडले, त्याच्या अस्थीही राहिल्या नाहीत. त्याच्या मागे खरे उरले ते पुस्तक, आणि त्या पुस्तकात सहज, न ठरवता, एका मुलीचे नाव राहून गेले. तिची किंमत त्यात नाही. तिने आणून ठेवलेली झाडे आहेत. जगभरचे अभ्यासक आज ओर्ताला ओळखतात, तेव्हा अंतोनियाच्या हातून आलेली फांदीच पाहत असतात. त्याने तिला मोकळे केले की नाही, हे त्याच्या ग्रंथात कुठे नाही. त्याची थोरवी मला मान्य आहे, आणि हा हिशेबही त्याच्या नावे बाकी आहे.

माझा हिशेब त्याच्याहून खराब आहे. लॉकरमधल्या त्या पाटल्यांचे वजन मला अजून आठवते. दाराशी उभ्या असलेल्या बाईचे नाव मी विचारलेच नव्हते.