एडिनबराने नाकारले, मुंबईने बोलावले

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेले कामा रुग्णालय ठाऊक नाही, असा मुंबईकर विरळाच. शहरातील अनेक पिढ्यांचा जन्म येथे झाला. रुग्णालयाला नाव मिळाले ते देणगीदार पेस्तनजी होरमसजी कामा यांचे. मात्र स्त्रियांसाठीचे हे रुग्णालय स्त्री-डॉक्टरांनीच चालवावे, त्यांच्यावर पुरुष वरिष्ठ नसावा, ही त्या काळी धाडसी वाटणारी कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्या डॉ. एडिथ पेची यांचे नाव आज शहराच्या स्मरणात फारसे उरलेले नाही. ज्या विद्यापीठाकडे त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला, त्याने त्यांना प्रवेश दिला, शुल्क घेतले, परीक्षा घेतल्या आणि पदवी मात्र दिली नाही.

एडिथ पेची यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील लँगहॅम या गावी झाला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. आई वकिलाची मुलगी. तिला ग्रीक भाषा अवगत होती. घरात पुस्तके होती, पैसा बेताचा होता. अशा घरातील शिकलेल्या अविवाहित मुलीला त्या काळी एकच प्रतिष्ठित व्यवसाय खुला असे, तो म्हणजे श्रीमंतांच्या मुलांना घरी राहून शिकविण्याचा. एडिथ यांनीही १८६९ पर्यंत शिकवणी आणि शाळेतील अध्यापन यांवरच चरितार्थ चालविला.

स्त्रीने डॉक्टर होऊ नये, असे ब्रिटनच्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. तसे लिहिण्याची गरजच नव्हती. १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू केली आणि तीत नाव येण्यासाठी ब्रिटिश संस्थेची पदवी किंवा परवाना आवश्यक ठरविला. या संस्था स्त्रियांना परीक्षेलाच बसू देत नसत. एलिझाबेथ ब्लॅकवेल अमेरिकेत १८४९ मध्ये मिळविलेल्या पदवीच्या बळावर, जुन्या परदेशी पदवीधरांसाठी ठेवलेल्या सवलतीतून, त्या नोंदवहीत आल्या. एलिझाबेथ गॅरेट यांनी औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना १८६५ मध्ये मिळविला. त्या आत शिरताच संस्थेने नियम बदलून ती वाट बुजवून टाकली. त्यानंतर तिसऱ्या स्त्रीसाठी कोणतेही दार उघडे नव्हते.

हे दार ठोठावण्याचे काम सोफिया जेक्स-ब्लेक या तडफदार तरुणीने अंगावर घेतले. मार्च १८६९ मध्ये तिने एडिनबरा विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. वैद्यक शाखेच्या प्राध्यापकांनी अनुकूल मत दिले, प्राध्यापकांच्या सीनेटनेही होकार भरला. परंतु सर्वोच्च अधिकार असलेल्या विद्यापीठ न्यायमंडळाने अर्ज फेटाळला. कारण असे देण्यात आले की, एकट्या स्त्रीसाठी विद्यापीठ स्वतंत्र व्यवस्था करू शकत नाही. नकारातील ही फट सोफियाने नेमकी हेरली. एकटीसाठी जमत नसेल तर अनेकजणी आणू, असे ठरवून तिने 'द स्कॉट्समन' या वृत्तपत्रातून आणखी अर्जदार स्त्रियांचा शोध सुरू केला.

त्याला प्रतिसाद देणाऱ्यांत एडिथ पेची होत्या. त्यांनी सोफियाला लिहिलेले पत्र वाचण्यासारखे आहे, कारण त्यात बढाईचा लवलेशही नाही. बेताची बुद्धी आणि भरपूर चिकाटी यांपलीकडे यशासाठी आणखी काही लागते का, अशी विचारणा त्यांनी केली. या दोन गोष्टी आणि अभ्यासाची मनापासून आवड आपल्यापाशी आहे. परंतु विषयांच्या सखोल ज्ञानाबाबत आपण बहुतेक ठिकाणी कमीच पडू, अशी कबुलीही त्यांनी दिली. पुढे ज्या परीक्षेत त्यांनी शेकडो पुरुषांना मागे टाकले, तिचा विचार करता ही विनम्रता जरा अतीच म्हणावी लागेल.

त्याच उन्हाळ्यात पाच स्त्रियांच्या वतीने नवा अर्ज गेला. या वेळी न्यायमंडळाने तो मान्य केला. मात्र अटी घातल्या. स्त्रियांचे वर्ग पुरुषांपासून वेगळे भरतील. प्राध्यापकांना स्त्रियांना शिकविण्याची मुभा असेल, सक्ती नसेल. वर्ग लहान असल्याने शुल्काचा अधिक भार विद्यार्थिनींनी उचलावा. यांतील दुसरी अट वरवर निरुपद्रवी दिसते. एखाद्या सक्तीच्या विषयाच्या प्राध्यापकाने शिकविण्यास नकार दिला की पदवीचा मार्गच बंद होणार होता, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आले नसावे. आले असले तरी बोलून दाखविण्यात अर्थ नव्हता.

प्रवेशपरीक्षा १९ ऑक्टोबर १८६९ रोजी झाली. इंग्रजी, लॅटिन आणि गणित हे विषय अनिवार्य होते. एकूण १५२ उमेदवार बसले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. पहिल्या सात क्रमांकांपैकी चार क्रमांक या स्त्रियांनी मिळविले. नोव्हेंबरमध्ये त्यांची विद्यापीठाच्या पटावर रीतसर नोंद झाली. ब्रिटनमधील विद्यापीठाच्या पटावर स्त्रियांची नावे येण्याची ही पहिलीच वेळ. सोफिया, एडिथ, इझाबेल थॉर्न, मॅटिल्डा चॅप्लिन आणि हेलन इव्हान्स या पाच जणींना पुढे मेरी अँडरसन आणि एमिली बोव्हेल येऊन मिळाल्या. इतिहासात त्यांची ओळख 'एडिनबराच्या सात जणी' अशी झाली.

पहिला खटका उडाला तो रसायनशास्त्राच्या निकालावरून. प्रा. अलेक्झांडर क्रम ब्राउन स्त्रियांना वेगळ्या वेळी तीच व्याख्याने देत. परीक्षा मात्र सर्वांची एकच. १८७० च्या वसंतात निकाल लागला, तेव्हा एडिथ पेची संपूर्ण यादीत तिसऱ्या आल्या. वरच्या दोघांनी तो अभ्यासक्रम पूर्वीच एकदा केलेला होता. म्हणजे प्रथमच परीक्षा देणाऱ्यांत एडिथ पहिल्या ठरल्या आणि त्यासाठी ठेवलेल्या होप शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क झाला. या शिष्यवृत्तीमुळे प्रयोगशाळा विनामूल्य वापरता येत असे. प्रा. ब्राउन यांनी ती एडिथ यांना डावलून खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्याला दिली. स्त्रिया वेगळ्या वेळी शिकल्या, सबब त्या या वर्गाच्या विद्यार्थिनी नव्हेत, असा त्यांचा युक्तिवाद. वेगळे बसण्याची सक्ती विद्यापीठाचीच होती, हे येथे विसरले गेले. त्याहून गंमतीची गोष्ट अशी की, थॉमस चार्ल्स होप या जुन्या प्राध्यापकांनी ही शिष्यवृत्ती ज्या निधीतून उभी केली, तो १८२६ मध्ये त्यांनी खास स्त्रियांसाठी दिलेल्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांतून जमला होता!

प्रकरण सीनेटपुढे गेले. स्त्रियांना वर्गाची नेहमीची प्रमाणपत्रे द्यावीत, असे एका मताच्या आधिक्याने ठरले. शिष्यवृत्ती मात्र एडिथ यांना देऊ नये, असेही एका मताच्या आधिक्याने ठरले. म्हणजे त्या एकाच वर्गाच्या विद्यार्थिनी होत्याही आणि नव्हत्याही. वृत्तपत्रांनी या तर्कशास्त्राची यथेच्छ टर उडविली आणि एडिथ पेची हे नाव ब्रिटनभर पोचले.

प्रसिद्धीची किंमत रस्त्यावर मोजावी लागली. विरोधकांचे अग्रणी होते प्रा. रॉबर्ट ख्रिस्तिसन, राणीचे वैद्य आणि विद्यापीठातील वजनदार असामी. त्यांच्या उघड विरोधामुळे विद्यार्थ्यांतील टवाळांना बळ आले. विद्यार्थिनींच्या तोंडावर दारे आपटणे, रस्त्यात पाठलाग करणे, अर्वाच्य बोलणे हे नित्याचे झाले. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी त्या सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तेव्हा दोनएकशेंच्या जमावाने वाट अडविली. चिखलाचा मारा झाला, फाटक लावून घेण्यात आले. आतून काही सहानुभूतीदारांनी ते उघडले आणि चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशी सर्वजणी परीक्षेला बसल्या. मध्येच दंगेखोरांनी एक मेंढी सभागृहात ढकलली. तिला बाहेर पाठविणाऱ्यांपेक्षा तीच अधिक शहाणी आहे, तेव्हा राहू द्या, अशा आशयाचे उत्तर देऊन परीक्षकांनी पेपर चालू ठेवला. या दंगलीने जनमत विद्यार्थिनींच्या बाजूने वळले खरे. परंतु रुग्णालयातील प्रात्यक्षिकांची वाट आणि अनेक प्राध्यापकांचे वर्ग तरीही बंदच राहिले.

शेवटी प्रकरण न्यायालयात गेले. १८७२ मध्ये पहिल्या निकालात न्या. गिफर्ड यांनी विद्यार्थिनींची बाजू बऱ्याच अंशी उचलून धरली. जून १८७३ मध्ये वरिष्ठ न्यायाधीशांनी बहुमताने तो निकाल फिरविला. त्यांचे म्हणणे असे पडले की, १८६९ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्याचा अधिकारच विद्यापीठाला नव्हता. चार वर्षांचे कष्ट, शुल्क, उत्तीर्ण केलेल्या परीक्षा, सारे पाण्यात गेले. त्या सात जणींना एडिनबराची मानद वैद्यकीय पदवी मरणोत्तर देण्यात आली ती जुलै २०१९ मध्ये. त्या वेळी तेथे शिकत असलेल्या विद्यार्थिनींनी त्यांच्या वतीने ती स्वीकारली.

एडिथ यांनी हार न मानता दुसऱ्या वाटा धुंडाळल्या. बर्मिंगहॅमच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी काम केले. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाने स्त्रियांना दार उघडले होते. तेथे जर्मन भाषेत अभ्यास पुरा करून जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. दरम्यान १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा देणारा कायदा संमत केला. त्याचा उपयोग सर्वप्रथम डब्लिनच्या वैद्यक संस्थेने केला आणि मे १८७७ मध्ये एडिथ यांना तिचा परवाना मिळाला. पहिल्या अर्जापासून नोंदवहीत नाव येईपर्यंत आठ वर्षे लोटली होती. पुढे लीड्स येथे त्यांनी सहा वर्षे स्वतंत्र व्यवसाय केला.

त्याच सुमारास मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसुधारक एका वेगळ्याच खटपटीत होते. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणाव्यात, स्त्रियांचे रुग्णालय उभारावे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडावे, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी निधी जमला, १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजने विद्यार्थिनी घेतल्या आणि डॉक्टर म्हणून निवड झाली एडिथ पेची यांची. १२ डिसेंबर १८८३ रोजी त्या मुंबईत उतरल्या. त्याच वर्षी जूनमध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत पोचून पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आपला अर्ज पाठविला होता. एक डॉक्टर होण्यासाठी येथून निघाली, दुसरी डॉक्टर होऊन येथे आली. कारण दोघींचे एकच होते.

मुंबईत एडिथ हिंदुस्थानी भाषा शिकल्या. जाफर सुलेमान दवाखान्यातून कामाला आरंभ झाला आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे त्यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही घडी बसविली. १८८८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सीनेटवर त्या पहिल्या स्त्री-सदस्य म्हणून आल्या. एका सीनेटने एका मताने ज्यांची शिष्यवृत्ती नाकारली, त्यांना दुसऱ्या सीनेटमध्ये मत देण्याचा अधिकार मिळाला. त्या केवळ रुग्णालयात रमल्या नाहीत. बालविवाहामुळे कोवळ्या मुलींच्या शरीराची होणारी हानी त्या रोज पाहत होत्या. त्याविरुद्ध त्यांनी हिंदू श्रोत्यांपुढे व्याख्यान दिले, तेव्हा संमतिवयाचा वाद ऐन भरात होता.

याच काळात रखमाबाईंचा खटला गाजत होता. अजाणत्या वयात लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा अन्यथा तुरुंगात जा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या आणि त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. एडिथ त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, निधी जमविण्यास हातभार लावला आणि रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकण्यासाठी रवाना झाल्या. एडिनबराचे दार बंद झाल्यावर सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये उभे राहिलेले विद्यालय ते हेच. तेथून परतून डॉ. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

१८८९ मध्येच एडिथ यांनी हर्बर्ट फिप्सन यांच्याशी विवाह केला. फिप्सन हे मद्याचे व्यापारी आणि पक्के निसर्गप्रेमी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच संस्थापकांत रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. मुंबईचे वर्तुळ त्या काळी किती लहान होते, याची यावरून कल्पना यावी. विवाहानंतरही एडिथ यांचा व्यवसाय सुटला नाही. नाशिकजवळ स्त्रिया आणि मुलांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाला पेची-फिप्सन हे जोडनाव मिळाले. मधुमेहाने प्रकृती ढासळू लागल्याने १८९४ मध्ये त्यांनी कामा रुग्णालय सोडले. खासगी व्यवसाय मात्र चालू ठेवला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हाही त्या शहरातच होत्या.

१९०५ मध्ये पती-पत्नी इंग्लंडला परतले. फेब्रुवारी १९०७ मध्ये मताधिकारासाठी लंडनच्या रस्त्यांवर निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चात एडिथ आघाडीच्या रांगेत चालल्या. पावसामुळे रस्त्यांत इतका चिखल झाला होता की, तो मोर्चा चिखलाच्या नावानेच ओळखला जातो. पुढे वर्षभरातच कर्करोगाने त्यांना गाठले. १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथे त्यांचे निधन झाले. पत्नीच्या स्मरणार्थ फिप्सन यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात एक शिष्यवृत्ती ठेवली. ती विद्यार्थिनींनाच मिळत असे.