चक्कर कानातली की आणखी कुठली, हे ओळखणारी चाचणी देणाऱ्या डॉक्टरला नोबेल जाहीर झालं तेव्हा तो युद्धकैदी होता

मुळशी धरण मागे टाकून गाडी ताम्हिणी घाटात शिरली की मागच्या सीटवरच्या कुणाला तरी मळमळायला लागतं. दोष सकाळच्या मिसळीला दिला जातो. खरी भानगड बहुतेक वेळा कानात असते.

प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी वळते, पण द्रव क्षणभर मागे राहतो. त्यामुळे तिथल्या पेशींवरचे केसांसारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वळण कळतं. घाटात मोबाइलमध्ये डोकं घातलं तर कान सांगतात वळतोय, डोळे सांगतात स्थिर आहोत. या गोंधळातून मळमळ होते.

हे नाजूक यंत्र जिवंत माणसात, कुठलीही चिरफाड न करता तपासायची सोपी पद्धत रॉबर्ट बारानी यांनी दिली.

बारानींचा जन्म 1876 चा, व्हिएन्नातला. लहानपणी हाडांचा क्षयरोग झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. 1900 साली ते डॉक्टर झाले आणि पुढे व्हिएन्नातल्या कानाच्या दवाखान्यात काम करू लागले.

तिथे पिचकारीने कान धुताना रुग्णांना चक्कर यायची. बारानींनी त्यांचे डोळे पाहिले, तर ते झटके देत हलत होते. पाणी गार असलं की झटके एका दिशेने, गरम असलं की उलट्या दिशेने. त्यांना आठवला बंब: वरचं पाणी गरम, तळाचं गार. तसाच कानातला द्रवही गरम झाला की वर चढत असणार, गार झाला की खाली उतरत असणार. मग चाचणी सोपी झाली. कानात पाणी सोडूनही डोळे हलले नाहीत, तर त्या बाजूच्या यंत्रणेत बिघाड आहे. (1983 मध्ये अंतराळात, वजनरहित अवस्थेतही डोळे हलले. म्हणजे बंबाचं कारण अपुरं होतं, पण चाचणी टिकली.)

पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर होते. 1915 मध्ये रशियनांनी त्यांना पकडलं. त्याच वर्षी त्यांना 1914 चं नोबेल जाहीर झालं आणि बातमी पोहोचली ती कैदेत. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसमार्फत प्रयत्न केले, तेव्हा 1916 मध्ये सुटका झाली.

पण व्हिएन्नात स्वागत झालं नाही. इतरांच्या कामाचं श्रेय दिलं नाही, असा आरोप सहकाऱ्यांनी केला. 1917 मध्ये ते स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गेले आणि तिथलेच झाले. 1921 मध्ये त्यांनी कूस बदलताना येणाऱ्या चक्करेचं वर्णन केलं. आज चक्करेचं हे अगदी नेहमीचं कारण मानलं जातं.

1936 मध्ये त्यांचं निधन झालं. कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडून डोळे पाहण्याची ती चाचणी आजही केली जाते.