आसनांना मोजपट्टी लावणारे स्वामी

आषाढात बांध्या पाण्याने भरल्या की भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. पवनी-लाखांदूरपासून तुमसर-मोहाडीपर्यंत बायांच्या रांगा दिवसभर कमरेत वाकून, चिखलात मागे मागे सरकत पऱ्हे लावतात. रोवणी आटोपेपर्यंत कित्येकींची कंबर धरलेली असते. मग कोणी सांगते, आठ दिवस पडून राहा. कोणी मोबाईलवरचे आसन दाखवते. कोणी म्हणते, दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम तो कशाला? सल्ले तीन, पण तिन्हींना कशाचा आधार आहे हे विचारण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही.

ती पद्धत पाडण्याचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने केला होता. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे सारा देश त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागला. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक एवढीच ओळख आज उरली आहे. पण आसने आणि श्वसनाचे प्रकार प्रयोगशाळेत नेऊन, त्यांनी शरीरात काय घडते हे यंत्राने मोजणारे ते पहिल्या काही लोकांपैकी होते. व्यायाम हे औषध आहे का, असेल तर कोणत्या दुखण्यावर आणि किती मात्रेत, हा आजच्या फिजिओथेरपीचा रोजचा प्रश्न. गुण्यांनी तो फिजिओथेरपी हा शब्द आपल्या गावांत पोहोचण्याच्या फार आधी विचारला.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढचे शिक्षण बडोद्यात घेतले. तिथे त्यांच्या आयुष्याला दोन वळणे मिळाली. एक राष्ट्रीय चळवळीचे. टिळक आणि अरविंद घोष यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. दुसरे आखाड्याचे. राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे त्या काळी बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळा चालवत. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुण्यांनी तिथे देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. शरीर कमावण्याचे शास्त्र आधी तालमीत आणि मग पुस्तकांत, या क्रमाने ते शिकले. पुढच्या कामात हा क्रम त्यांना फार उपयोगी पडला.

त्यानंतर ते खानदेशात, अमळनेरला गेले. तिथल्या शिक्षणसंस्थेत त्यांनी शिकवले, राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. इंग्रज सरकारच्या रोषामुळे १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. तोवर गुण्यांचे मन दुसरीकडे लागले होते. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदास या मूळच्या बंगाली योग्याकडे ते गेले आणि आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया शिकले. क्रियांचा परिणाम त्यांना स्वतःच्या शरीरात जाणवला. दुसरा एखादा शिष्य तेवढ्यावर थांबला असता. गुण्यांना मात्र तो परिणाम कसा घडतो हे पाहायचे होते. १९२०-२१ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळा गाठली आणि योगक्रिया करताना शरीरात काय होते याची तपासणी सुरू केली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. आश्रम म्हटले की प्रवचनांचे मासिक अपेक्षित असते. यात मात्र क्ष-किरण चित्रे, दाबाचे आकडे आणि प्रयोगांची वर्णने होती.

त्यातला नौलीवरचा प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. श्वास पूर्ण सोडायचा, घसा बंद ठेवायचा आणि हवा आत न घेता श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवायच्या. छातीतली पोकळी वाढते, पण तिथे हवा येत नाही. त्यामुळे पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू, वर ओढला जातो आणि पोट खोल आत जाते. हे उड्डियान. याच स्थितीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू आवळून पुढे काढले की नौली. ही क्रिया करणारा साधक पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो, हे जुन्या ग्रंथांत आहे आणि त्याचे श्रेय अपानवायूला दिले जाई. गुण्यांनी साधकाच्या मोठ्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. नौली सुरू होताच आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली गेला. पाणी वर चढत होते ते या दाबाच्या फरकामुळे. पिचकारीचा दांडा ओढल्यावर चढते तसेच. या ऋण दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

गुरूंवर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने परंपरेचे स्पष्टीकरण बाजूला ठेवून पाऱ्याचा आकडा मान्य केला, ही गोष्ट लहान नाही. प्राणायामाच्या बाबतीतही तेच झाले. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू भरला जातो, ही समजूत आजही योगवर्गांत ऐकू येते. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंचा अभ्यास केला आणि प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायू मिळण्यात नाही, असा निष्कर्ष काढला. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, हे आता बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर कोणालाही दिसते.

शीर्षासन आणि सर्वांगासनात रक्तदाबाचे काय होते हेही त्यांनी मोजले. कान वाहत असेल, डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या कमजोर असतील किंवा हृदय अशक्त असेल तर शीर्षासन करू नये, असे त्यांनी आपल्या आसनांवरच्या पुस्तकात बजावले. चेन्नईतल्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ मध्ये ७५ योगसाधकांची तपासणी प्रसिद्ध केली. शीर्षासनात डोळ्यांतला दाब सुमारे दुप्पट होतो, असे त्यात दिसले. काचबिंदूच्या रुग्णासाठी ही साधी बाब नव्हे.

त्यांच्या कामाची कीर्ती लवकरच दूरवर गेली. १९२७ मध्ये गांधीजींची प्रकृती दौऱ्यात बिघडली, रक्तदाब वाढला. त्या वर्षी आसने आणि विश्रांतीबाबत त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाचा कोवूर बेहनन हा मूळचा केरळचा संशोधक लोणावळ्याला येऊन राहिला आणि १९३७ मध्ये त्याने योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक लिहिले. मुंबईत १९३२ मध्ये सुरू झालेले आरोग्यकेंद्र १९३६ पासून चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चालू लागले. तिथे येणाऱ्यांत साधक थोडे आणि रुग्ण जास्त होते. शाळांमधील शारीरिक शिक्षणासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे कामही त्यांनी केले. लोणावळ्यात १९५० च्या सुमारास योगाचे महाविद्यालय आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीस जुनाट विकारांसाठी रुग्णालय निघाले. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘योगिक थेरपी’ हे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनात उणिवा होत्या. प्रयोगात माणसे मोजकी, तीही बहुतेक तरबेज साधक. क्रिया न करणारा तुलनेचा गट नसे. नौलीत दाब कमी होतो हे सिद्ध झाले म्हणून बद्धकोष्ठ बरे होते हे सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींमधली दरी त्यांच्या लेखनात कधी कधी फार चटकन ओलांडली जाते. शिवाय देशी विद्येची थोरवी जगाला पटवायची, ही राष्ट्रीय चळवळीतून आलेली आस त्यांच्यात होतीच. मात्र रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून उपचार तपासण्याची पद्धत वैद्यकात रुजली ती १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर. तेव्हा गुणे पासष्टीला आले होते.

ती दरी ओलांडण्याचे काम आता चालू आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ रुग्णालयांत झालेली ‘योगा-केअर’ चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आसने, प्राणायाम आणि ध्यानाची १३ सत्रे दिली. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. पण योगगटातील लोकांना प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. कंबरदुखीबाबत कॉक्रेन संस्थेने २०२२ मध्ये २१ चाचण्या आणि २,२२३ रुग्णांचा आढावा घेतला. काहीच व्यायाम न करण्यापेक्षा योगाने थोडा फायदा होतो. पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली तर फारसा फरक नाही. योगप्रेमी आणि योगद्वेष्टे दोघेही या निष्कर्षावर नाराज होतील. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ही चांगली बातमी आहे: जो व्यायाम जमेल आणि टिकेल, तो निवडायला तो मोकळा आहे.

ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ७०१ जणांवर झालेली चाचणी तर चालण्याची होती. कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाच्या बेताने हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम आणि दुखण्याची नीट माहिती दिली. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, हे उद्दिष्ट. दुखणे पुन्हा उलटायला साधारण ११२ दिवस लागत होते, ते २०८ दिवसांवर गेले.

मग रोवणी करणारी बाई तर दिवसभर चालते-वाकतेच, तिचे काय? डेन्मार्कमध्ये १,०४,०४६ प्रौढांच्या २०२१ च्या अभ्यासात फुरसतीतल्या हालचालीने हृदयविकाराचा धोका कमी झालेला दिसला, पण कामावरच्या जड श्रमाने तो वाढलेला. तिथला कामगार आणि इथली शेतमजूर बाई एक नव्हे, त्यामुळे आकडे तसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. कारण मात्र समजण्यासारखे आहे. व्यायाम थोडा वेळ असतो, हालचाल बदलती असते, थकल्यावर थांबता येते. रोवणीत तासन् तास एकच वाकलेली स्थिती आणि थांबायचे केव्हा हे मजुराच्या हातात नसते. अर्ध्या-पाऊण तासाने सरळ उभे राहून कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाकणे, ओळीच्या टोकाला चार पावले बांधावर चालणे, आणि हंगाम संपल्यावर पडून न राहता चालत राहून पाठ-पोटाचे व्यायाम सुरू करणे, एवढे फिजिओथेरपिस्ट सहसा सुचवतात. दुखणे पायात उतरून पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर आसनही नको आणि चोळणेही नको. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.