विश्लेषण : बेळगावचे दुकान ते कुंडलचा माळ... किर्लोस्करांनी आपल्या धंद्याचे भवितव्य कसे ठरवले?

पुणे-मिरज लोहमार्गावर सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी हे स्थानक आहे. १९१० पूर्वी इथे गावच नव्हते. दगड, निवडुंग आणि साप एवढेच काय ते होते. त्याच सुमारास बेळगावातल्या एका छोट्या कारखान्याला जागा खाली करण्याची वेळ आली आणि मालकाला ठरवावे लागले की धंदा इथेच आवरायचा, की सगळे सामान घेऊन अनोळखी माळावर जायचे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी दुसरा पर्याय निवडला. पण तो निर्णय एका दिवसात झाला नव्हता. त्याआधी दहा-बारा वर्षे त्यांच्यापुढे असेच प्रश्न येत गेले होते.

चित्रकाराचा यंत्रांशी काय संबंध?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना, चित्रे काढायला मात्र आवडत. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही. रंगकाम सोडावे लागले. रेखाटनाचा हात चांगला होता, त्यामुळे ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. यंत्रे ते तिथे हाताळून शिकले. परदेशी तांत्रिक मासिके वाचायची आणि त्यातले स्वतः करून बघायचे, हीच त्यांची इंजिनीअरिंगची शाळा. पदवी अशी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

नोकरी चालू असतानाच जोडधंदा सुरू झाला. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत, थोरले बंधू रामूअण्णा त्या तिथे विकत. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये. चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. दुकानावर पाटी होती 'किर्लोस्कर ब्रदर्स'. कंपनी आपली सुरुवात १८८८ पासून मोजते ती या दुकानामुळे.

नोकरी का सोडली?

संस्थेत बढतीची जागा निघाली. लक्ष्मणरावांचा हक्क असतानाही ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. १८९७ च्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. अपमान हे कारण खरेच, पण परतायला दुकान तयार होते हेही विसरून चालणार नाही. जोडधंदा आधी चालू असल्यामुळेच नोकरीवर पाणी सोडता आले. आज घरगुती मसाले, लोणची किंवा साबण करणाऱ्यांना पूर्णवेळ यातच उतरावे का, हा प्रश्न पडतो. तो प्रश्न किर्लोस्करांनाही पडला होता आणि त्याचे उत्तर त्यांनी रिकाम्या हाताने दिले नव्हते.

सायकलींबरोबर पवनचक्क्यांची एजन्सीही त्यांनी घेतली. परंतु दुसऱ्याचा माल विकण्याच्या धंद्याला मर्यादा असते. किंमत कंपनी ठरवते, पुरवठाही तिच्या मर्जीवर असतो आणि शेजारी आणखी दोन दुकाने निघाली की नफा आटतो. आपला स्वतःचा माल हवा, हे लक्ष्मणरावांनी लवकर ओळखले.

आपला माल म्हणजे कोणता?

पहिला माल होता कडबा कापण्याचे यंत्र. जनावरांपुढे ज्वारीचा अख्खा कडबा टाकला तर बराचसा पायदळी जातो. बारीक करून घातला तर वाया जात नाही. दर दुष्काळाला वैरणीची चणचण भासणाऱ्या या भागात त्याचा उपयोग समजावून सांगावा लागत नव्हता. छोट्या शेडमध्ये, मोजक्या हत्यारांवर ही यंत्रे तयार होऊ लागली.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला आणि धंदा बुडायची वेळ आली ती इथे. तेव्हाचा नांगर लाकडी. कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत तो ओढायला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. हरळी आणि कुंद्याची मुळे खोल जातात, ती नुसती जमीन उकरून निघत नाहीत, माती उलथून टाकावी लागते. लोखंडी नांगर हेच करतो. इंग्लंडहून तसे नांगर येत, पण ते महाग आणि मोडले तर दुरुस्तीची सोय नाही. गरज खरी होती. वस्तू उपयोगी होती. १९०३ मध्ये किर्लोस्करांचा नांगर तयार झाला.

आणि कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज पसरला होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. छोट्या कारखान्यासाठी दोन वर्षे हा फार मोठा काळ आहे. ओतकामात पैसा अडकलेला, मजुरी थांबवता येत नाही आणि तयार माल डोळ्यांसमोर गंजत पडलेला. अशा वेळी माल बदलावा असे वाटणे स्वाभाविक होते. लक्ष्मणरावांनी तो बदलला नाही.

याला नुसती जिद्द म्हणणे अपुरे ठरेल. जिद्दीने अनेकजण वाईट मालालाही चिकटून राहतात आणि बुडतात. इथे फरक असा की अडचण मालात नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनात होती. ती जाहिरातीने जाणारी नव्हती. कोणाच्या तरी शेतात नांगर चालताना दिसायला हवा होता. कडब्याच्या यंत्राचा आधारही होताच. ते विकले जात असल्याने नांगराला वाट पाहता आली. सगळा डाव एकाच वस्तूवर असता तर कदाचित ही गोष्ट १९०५ मध्येच संपली असती. एकदा काही शेतांत नांगर चालला, जमीन बिघडली नाही आणि पीक बरे आले, तेव्हा मागणी आपोआप वाढू लागली.

बेळगाव का सोडावे लागले?

माल खपू लागला आणि जागाच गेली. कारखाना होता त्या परिसरात नवी वसाहत करण्यासाठी नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. बाजारपेठ बेळगावात, ओळखी बेळगावात, उधारी देणारेही तिथलेच. नवी जमीन घ्यायची तर भांडवल नाही.

अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधमधील एका बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणराव त्यांच्या परिचयाचे झाले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे हातात कला असलेल्या माणसाविषयी त्यांना जिव्हाळा असावा. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ते गादीवर आले आणि संस्थानात कुठेही जागा निवडण्याची मोकळीक त्यांनी दिली. सोबत १० हजार रुपये कर्ज.

औंध संस्थान सलग नव्हते. साताऱ्यात औंध, दुसरीकडे आटपाडी, तिसरीकडे कुंडल असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. लक्ष्मणरावांनी राजधानीजवळची जागा मागितली नाही. त्यांनी कुंडल रोड स्थानकालगतचा ३२ एकरांचा माळ निवडला. राजवाड्यापासून दूर, पण रुळांना लागून. नांगराच्या कारखान्याला कच्चे लोखंड आणि कोळसा आणावा लागतो, तयार नांगर वजनदार असतो. बैलगाडीने हे सगळे ने-आण करायचे तर फायदा वाहतुकीतच संपतो. शिवाय गिऱ्हाईक शेतकरी होता आणि तो शहरात नव्हता. बाजार गमावला असे वरवर दिसत असले, तरी कारखाना खऱ्या गिऱ्हाइकाच्या जवळ आला होता.

माळावर पहिली वर्षे कशी गेली?

१० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीच्या स्थापनेची तारीख. पंचवीस-एक कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांसोबत आली. झाडाची सावली नाही, पाण्याची ओरड, निवडुंग तोडला की खाली साप. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर बायकांनी या उजाड जागेत संसार मांडले. त्यांच्याविषयी कमी लिहिले गेले. पण घरे टिकली नसती तर कामगार पहिल्या उन्हाळ्यातच परत गेले असते.

येणाऱ्या माणसांकडे लक्ष्मणराव प्रमाणपत्र मागत नसत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभूराव जांभेकर यंत्रांचे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत. वस्तीची आखणी, पाणी, आरोग्य हे रामूअण्णांकडे होते. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या दोघांना तर पहारेकरी नेमले गेले आणि त्यांनी ती जबाबदारी चोख पाळली. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. त्या काळात असा नियम धंद्याला अडचणीचा ठरू शकला असता, तरी तो ठेवला गेला.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे कमी झाले, म्हणजे मागणी वाढली. पण त्याच युद्धाने कच्चे लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ केला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, असे या भागात आवर्जून सांगितले जाते.

घरचा धंदा घरचाच का ठेवला नाही?

१९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' झाली. घरच्या धंद्यात बाहेरच्यांचे भांडवल येणार, म्हणजे हिशेब चारचौघांना दाखवायचे, नफा वाटून द्यायचा आणि भावाभावांत तोंडी ठरणारी गोष्ट कागदावर आणायची. अनेक कुटुंबे याच पायरीवर अडतात आणि धंदा पुढच्या पिढीत भांडणात जातो. किर्लोस्करांनी ती पायरी वेळीच ओलांडली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. उत्पादनांची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतले मान्यवर मासिक झाले.

पुत्र शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी वाडीत पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. ही वेळ महत्त्वाची ठरली. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नाही आणि नांगर पडून राहू लागले. यावेळी कारखाना नांगराला चिकटून बसला नाही. पंप, उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर असा माल वाढवला गेला. १९०३ मध्ये माल न बदलणे योग्य ठरले होते, १९३० मध्ये बदलणे योग्य ठरले. पहिल्या वेळी गिऱ्हाइकाला वस्तूची गरज होती पण विश्वास नव्हता. दुसऱ्या वेळी विश्वास होता पण खिशात पैसे नव्हते.

जवळच्याच कराडमधील ओगलेवाडीचे उदाहरण इथे ताडून पाहण्यासारखे आहे. औंधच्याच राजांच्या आश्रयाने, रेल्वे स्थानकालगत, १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत पोहोचला. पण गावोगाव वीज आल्यावर कंदिलाची मागणी ओसरली आणि तो कारखाना पुढे बंद पडला. माल उत्तम होता, नावही मोठे होते. फक्त त्याची गरज संपली.

पुढे काय झाले?

१९४१ मध्ये हरिहरला यंत्रहत्यारांचा, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरुला विजेच्या मोटारींचा कारखाना अशा शाखा निघाल्या. सूत्रे शंतनुरावांकडे गेली. 'लकाकि' या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. शंतनुरावांनी आत्मचरित्राला नाव दिले ते 'कॅक्टस अँड रोझेस', त्यातला निवडुंग याच माळावरचा.

कुंडल रोड स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. बेळगावातही किर्लोस्कर रोड आहे. वाडीत आता नांगर तयार होत नाहीत. कारखान्यातून पंप बाहेर पडतात आणि भोवतालच्या पलूस तालुक्यात द्राक्षांच्या बागा आहेत.