रॉबर्ट कॉख

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांमध्ये क्षयरोगाने थैमान घातले होते. एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक-सप्तमांश मृत्यू या एकाच रोगाने होत. मेलेल्यांची मोजदाद होत होती. परंतु जिवंत माणसांपैकी क्षयाने नेमके कोणाला ग्रासले आहे, हे खात्रीने सांगण्याचे साधन वैद्यांजवळ नव्हते. हा रोग आनुवंशिक आहे, असेच पुष्कळांना वाटे. हे साधन ज्यांनी मिळवून दिले, ते रॉबर्ट कॉख.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १८७२ मध्ये ते वोलश्टाइन येथे जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेथे प्रयोगशाळा कुठली असणार! राहत्या घरातच सूक्ष्मदर्शक मांडून त्यांनी गुरांच्या काळपुळी रोगाच्या जंतूचा अभ्यास केला. १८७६ मध्ये तो विद्वानांपुढे आला आणि चार वर्षांनी कॉख बर्लिनला गेले.

क्षयाचा जंतू हाती लागणे सोपे नव्हते. त्याच्या मेणचट आवरणामुळे त्यावर रंग चढत नाही. कॉख यांनी नमुने निळ्या रंगात दीर्घकाळ ठेवले, मग तपकिरी रंग वापरला. भोवतालचे सारे तपकिरी झाले; बारीक काड्यांसारखे जंतू मात्र निळेच राहिले. ते वाढवण्यासाठी त्यांनी रक्तद्रव तापवून घट्ट केला. इतर जंतू एक-दोन दिवसांत वाढतात. येथे पहिला आठवडा काहीच दिसेना. दुसऱ्याने तो नमुना फेकून दिला असता. कॉख थांबले. वाढलेले जंतू टोचताच गिनिपिगांना क्षय झाला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी हा शोध बर्लिनमध्ये जाहीर केला. पुढे पॉल एर्लिख प्रभृतींनी रंगवण्याची रीत सुधारली आणि थुंकी तपासून रोगी ओळखता येऊ लागला.

१८९० मध्ये मात्र कॉख यांच्याकडून घाई झाली. क्षयावर गुणकारी म्हणून त्यांनी ट्युबरक्युलिन हे द्रव्य पुढे आणले. त्याची घटना मात्र गुप्त ठेवली. शास्त्रज्ञाला हे शोभणारे नव्हते. आशेने रोग्यांची बर्लिनला रीघ लागली. बहुतेकांना गुण आला नाही, काही दगावले. ते द्रव्य म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरिनमध्ये काढलेला अर्क होता, हे १८९१ मध्ये उघड झाले. कॉख यांची मोठी नाचक्की झाली. तरी काम थांबले नाही. प्लेगच्या अभ्यासासाठी १८९७ मध्ये ते मुंबईलाही आले होते. १९०५ मध्ये क्षयरोगावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

औषध म्हणून फसलेले ते द्रव्य टाकून दिले गेले नाही. ज्याच्या शरीरात क्षयजंतू शिरला आहे, त्यालाच त्याची प्रतिक्रिया येते, हे ध्यानात आले होते. कॉख हयात असतानाच, १९०७-०८ च्या सुमारास, व्हिएन्नाचे पिर्के आणि फ्रान्सचे मांटू यांनी त्यावरून त्वचेची चाचणी तयार केली. हातावर सुई टोचायची आणि दोन-तीन दिवसांनी आलेली गाठ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायची. या चाचणीने संसर्ग कळतो, रोग नव्हे. तरी लहान मुलांत संसर्गाचे प्रमाण काढून काही वर्षांनी पुन्हा मोजले, की रोगाचा फैलाव घटतो आहे की नाही, हे समजते. १९६१ ते १९६८ या काळात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे कर्मचारी आसपासच्या खेड्यांत पुनःपुन्हा जाऊन ही चाचणी, क्ष-किरण चित्रे आणि थुंकीची तपासणी करीत होते.