लक्ष्मणरावांचे दुकान आणि आपले गुडघे

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे लक्षात आले की, काही रंगांतला फरक त्यांना दिसतच नाही. हा दोष बहुधा जन्मजात असतो, पुरुषांत बराच अधिक आढळतो. रंग सुटले, रेषा पक्की होती. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि १८८८ मध्ये बेळगावात थोरले बंधू रामुअण्णांसह दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. रामुअण्णा त्या विकत आणि १५ रुपये घेऊन चालवायलाही शिकवत. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाला असे, त्यामुळे पायाच्या लांबीनुसार चाक निवडावे लागे. साखळी आली आणि हे बंधन गेले. माप मात्र लागतेच.

शिकवणारा गिऱ्हाइकाला सायकलवर बसलेले बघतो, हे मला मोलाचे वाटते. आज ठाणे-डोंबिवलीत चाळिशीनंतर सायकल घेणारे बरेच जण ती मोबाइलवरून मागवतात आणि महिन्याभरात गुडघा धरून ओपीडीत येतात. नुसत्या उंचीवर जाऊ नका, पाय मोजा: अनवाणी, भिंतीला पाठ लावून, जांघेत पुस्तक घट्ट धरून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. सायकल दोन्ही पायांत घेऊन उभे राहिल्यावर दांडीच्या वर दोन-तीन बोटे जागा हवी. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. चवडा ठेवला की तो किंचित वाकतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर दाब येऊन पुढून दुखते. फार वर गेली तर कंबर डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू ओढली जाते. हँडलपर्यंत हात ताणावे लागत असतील तर फ्रेमच लांब आहे. सीट हलवून ते निभत नाही, सायकल बदलावी.

बढतीत डावलल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत; पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. १९५६ मध्ये ते गेले, तेव्हा सायकलचे दुकान केव्हाच मागे पडले होते.